शाळेतील संगणकाचा मॉनिटर : मांडणी आणि दक्षता

प्राथमिक शाळांतून संगणक ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. भंडारा जिल्ह्यात तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत कित्येक खेड्यांतील शाळांत तो पोहोचला आहे; कोठे शासकीय योजनेतून, कोठे लोकवर्गणीतून, तर कोठे एखाद्या कार्यालयाने नवा संच घेतल्यावर जुना शाळेस दिला म्हणून. शिक्षकांसही तो परका नाही. एमएस-सीआयटीची परीक्षा बहुतेकांनी दिलेली असून यू-डायसची माहिती भरताना त्याच्यापुढे बसण्याचा प्रसंग वारंवार येतो. तथापि संगणक चालविणे आणि संगणक मांडणे ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिलीचे प्रशिक्षण मिळते. दुसरी कोणासही आपोआप येत असावी असे गृहीत धरले जाते.

परिणामी असे घडते की, खोलीत विजेचा सॉकेट जेथे असेल तेथे मेज सरकविले जाते, मेजावर जेथे जागा उरेल तेथे मॉनिटर बसतो आणि त्याच्यापुढे मूल कसेबसे बसते. हा क्रम उलटा आहे. आधी मुलाचा विचार व्हावा, नंतर प्रकाशाचा, त्यानंतर मेजाचा आणि सर्वांत शेवटी विजेचा. सॉकेट दुसऱ्या भिंतीवर नेणे हे वायरमनचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्याचा खर्च वाचविण्यासाठी वर्षभर चाळीस मुलांनी माना वर करून बसावे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मॉनिटर हा शब्द शाळेस तसा जुनाच. वर्ग सांभाळणाऱ्या मुलास मॉनिटर म्हणण्याचा प्रघात संगणकापूर्वीचा आहे, आणि मूळ लॅटिन धातूचा अर्थ सूचना देणे, सावध करणे असा आहे. संगणकाचा मॉनिटर म्हणजे दूरचित्रवाणी संचासारखा दिसणारा पडद्याचा भाग होय. हिशेबाचे सारे काम शेजारच्या पेटीत चालते. पडदा त्याची वार्ता देतो इतकेच. म्हणून पडद्यावर काही दिसेनासे झाले तर संगणकच बिघडला असे मानण्याची घाई करू नये. ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे फिरू लागली किंवा खालचा दिवा पिवळसर राहिला, तर पेटी बंद आहे काय आणि दोहोंस जोडणारी केबल सैल झाली आहे काय, हे प्रथम पाहावे. दुरुस्तीस गेलेले काही मॉनिटर केवळ ही केबल घट्ट बसविताच चालू होतात!

उंची आणि अंतर

मोठ्या माणसाच्या लिहिण्याच्या मेजाची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर असते. त्यावर १८.५ इंची मॉनिटर आपल्या पायावर उभा केला म्हणजे त्याची वरची कड जमिनीपासून ११० सेंटिमीटरच्या आसपास जाते. खुर्चीत बसलेल्या शिक्षकाचे डोळे साधारण १२० सेंटिमीटरवर असतात. त्याला ही मांडणी सोयीची वाटते आणि म्हणून तीत काही चूक आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. त्याच खुर्चीवर तिसरीतील मूल बसवून पाहावे. त्याचे डोळे जेमतेम १०० सेंटिमीटरवर येतात, पाय अधांतरी लोंबतात, कोपरापेक्षा कळफलक वर राहतो, आणि पडदा पाहण्यास हनुवटी उचलावी लागते. पुष्कळ ठिकाणी मॉनिटर ‘नीट दिसावा’ म्हणून त्याखाली वह्यांचे गठ्ठे किंवा वीट ठेवलेली असते. ती शिक्षकाच्या सोयीची असली तरी मुलाचा त्रास वाढविणारी आहे.

वर पाहण्यात मानेइतकेच डोळ्यांचेही नुकसान आहे. दृष्टी वर गेली की पापण्यांमधील फट रुंदावते आणि डोळ्यावरील ओलावा लवकर वाळतो. त्यातच पडद्याकडे टक लावून पाहणारे मूल पापण्या नेहमीपेक्षा पुष्कळ कमी वेळा मिटते. चैत्र-वैशाखातील विदर्भाची कोरडी हवा या दोहोंत मिळाली म्हणजे डोळे चुरचुरतात, लाल होतात, आणि मूल मळक्या हातांनी ते चोळू लागते.

यावर खेड्यातील शाळेत सहज करता येण्याजोगा उपाय म्हणजे आसनपट्टी व बसके मेज. मुले जमिनीवर मांडी घालून बसण्यास सरावलेली असतात. मूल भिंतीला पाठ टेकून स्वाभाविकपणे बसले असता त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीवर खडूने एक आडवी रेघ मारावी. मॉनिटरची वरची कड त्या रेघेच्या वर जाता कामा नये. दोन-चार बोटे खाली राहिली तर उत्तमच. संगणक निरनिराळ्या इयत्तांनी वापरावयाचा असेल तर त्यांतील लहान मुलांच्या मापाने मांडणी करावी. उंच मुलास दृष्टी खाली वळविणे कठीण नसते; ठेंगण्या मुलास वर पाहणे मात्र सोसत नाही. जेथे खुर्च्याच वापरावयाच्या तेथे मुलाच्या पायांखाली पाट व पाठीशी दुमडलेली सतरंजी द्यावी, आणि मॉनिटरखालची वीट निःसंकोचपणे काढून टाकावी. पडद्याचा माथा किंचित मागे कललेला असावा, हातात पुस्तक धरले असता ते कलते तसा.

अंतराचे माप मुलाच्या स्वतःच्या हातात आहे. सरळ बसून हात पुढे लांबविला असता बोटांची टोके पडद्यास जेमतेम पोहोचावीत. मोठ्या माणसास हे अंतर ६० ते ७० सेंटिमीटर, तर आठ-नऊ वर्षांच्या मुलास ५० सेंटिमीटरच्या आसपास येते. मेजाची खोली इतके अंतर देण्यास पुरेशी नसेल तर मॉनिटर भिंतीस टेकवून नव्हे, पण भिंतीकडे सरकवून ठेवावा. त्याच्या मागील झरोक्यांतून उष्णता बाहेर पडावयास चार बोटांची फट अवश्य राहू द्यावी. मेजाच्या काठावर मॉनिटर कधीही ठेवू नये. नवे पातळ मॉनिटर वजनाने हलके असतात, आणि लोंबणाऱ्या केबलमध्ये एखाद्याचा पाय अडकला की क्षणात खाली येतात. यास्तव सर्व तारा एकत्र बांधून मेजाच्या मागील पायास सुतळीने बांधाव्यात.

प्रकाश

बंद पडदा हा काळा आरसा असतो, आणि त्याचा उपयोग करून घेता येतो. मॉनिटर बंद ठेवून ज्या वेळी संगणकाचा तास असतो त्याच वेळी मुलाच्या जागी, मुलाच्या उंचीवर बसून त्यात पाहावे. खिडकी, दार, उघडा व्हरांडा किंवा वरचा दिवा जे काही त्यात उमटलेले दिसेल, तेच उद्या अक्षरांच्या आड येणार आहे. हा प्रयोग मुलांकडूनही करवून घेण्यासारखा आहे. परावर्तनाचा पाठ त्यातून अनायासे होतो. खिडकी मुलाच्या पाठीशी असली तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते, आणि ती मॉनिटरच्या मागे असली तर उजेड थेट डोळ्यांवर येतो. खिडकी डाव्या किंवा उजव्या बाजूस असावी हेच इष्ट. कौलारू इमारतीत काचेचे कौल असल्यास अधिक सावध राहावे. त्यातून येणारा उन्हाचा कवडसा दिवसभर खोलीत सरकत असतो. सकाळी दहा वाजता निर्धोक वाटलेली जागा दोन वाजता उन्हात सापडते.

पडद्याचा उजेड किती असावा याची परीक्षा एका कोऱ्या कागदाने होते. पडद्यावर पांढरे पान उघडून त्याच्या शेजारी पांढरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा झगझगीत वाटला तर उजेड कमी करावा. राखाडी दिसला तर वाढवावा. नवे मॉनिटर विक्रीच्या दुकानात उठून दिसावेत म्हणून बहुधा अति उजेडावर लावलेले येतात. अंधाऱ्या खोलीत दार लावून संगणक दाखविण्याची कल्पना मुलांस चित्रपटगृहाची गंमत देते खरी, पण डोळ्यांस ती जाचक आहे.

अक्षरे

देवनागरी लिपीचा एक विशेष येथे लक्षात घ्यावयास हवा. रोमन अक्षरे बारीक असतानाही ओळखता येतात. मराठीत मात्र अक्षराच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार अशा तीन मजल्यांवर मजकूर असतो. अक्षर लहान झाले की पहिला बळी अनुस्वाराचा जातो, मग ‘द्य’ आणि ‘ध’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद पुसट होतो. वाचावयास नुकत्याच लागलेल्या मुलाची चूक ही पुष्कळदा त्याची नसून पडद्याची असते. सर्वसाधारण आडाखा असा की, मात्रा-उकार वगळून अक्षराची उंची पाहण्याच्या अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी तरी असावी. ६० सेंटिमीटरवरून वाचावयाचे तर ३ मिलिमीटर. आणि ३ मीटरवर बसलेल्या मुलास दाखवावयाचे तर १.५ सेंटिमीटर. १८.५ इंची पडद्याची उभी उंची २३ सेंटिमीटरच असते. तेव्हा अशा अक्षरांत त्यावर सहा-सात ओळींहून अधिक मजकूर मावत नाही. संपूर्ण वर्गास एका लहान पडद्यापुढे बसवून धडा वाचून घेणे का निष्फळ होते, हे यावरून उघड होईल. एका मॉनिटरपुढे तीन, फार तर चार मुले असावीत; बाकीच्यांस त्या वेळी दुसरे काम द्यावे.

अक्षरे पसरट किंवा धुरकट दिसत असतील तर पडद्याचे बिंदुमान तपासावे. १८.५ इंची मॉनिटरवर बहुधा आडवे १३६६ व उभे ७६८ बिंदू असतात. संगणकात ते १०२४ व ७६८ असे लावलेले असेल तर सर्व चित्र आडवे ताणले जाते. पडद्यावर वर्तुळ काढून त्याचा उभा व आडवा व्यास पट्टीने, काचेस न दाबता, मोजावा. उभा ९ सेंटिमीटर आणि आडवा १२ भरला तर दोष सापडलाच. वरच्या वर्गांकडून आणखी एक गणित करवून घेता येईल. मॉनिटरचे माप कर्णाने सांगतात. मुलांनी पडद्याची रुंदी व उंची मोजावी. ४१ आणि २३ सेंटिमीटर आली, तर त्यांच्या वर्गांची बेरीज २२१०, तिचे वर्गमूळ सुमारे ४७, आणि त्यास २.५४ ने भागिले असता १८.५ इंच! पायथागोरसचा सिद्धांत मेजावर उभा असलेला मुलांस असा क्वचितच भेटतो.

पुढे झुकणारे मूल

मांडणी बिनचूक असूनही एखादे मूल पडद्याजवळ नाक नेते, डोळे किलकिले करते, किंवा मान एका बाजूस वळवून पाहते. त्यास ‘मागे सर’ म्हणून गप्प बसविणे हा शिक्षकाचा स्वाभाविक आवेग असतो. तो आवरावा आणि त्या मुलाचे नाव टिपून घ्यावे. लघुदृष्टी असलेल्या मुलास आपणांस कमी दिसते हे ठाऊकच नसते. जग असेच दिसते अशी त्याची समजूत असते. फळ्यावरील मजकूर शेजाऱ्याच्या वहीतून उतरविणारी, म्हणून ढ ठरलेली मुले पुष्कळदा हीच असतात. मॉनिटर या ठिकाणी आपले नाव सार्थ करतो. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून तपासणीस येतात. टिपलेली नावे पथकातील डॉक्टरांपुढे ठेवावीत व पालकांसही कळवावे. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून गरजू विद्यार्थ्यांस विनामूल्य चष्मे देण्याची तरतूद आहे. चष्मा मिळाल्यावर तो मूल प्रत्यक्ष लावते की दप्तरात ठेवते, हे पाहणे मात्र शिक्षकाकडेच येते. विशेषतः मुलींच्या बाबतीत घरून चष्म्यास विरोध होतो असा अनुभव आहे.

पडद्याने डोळे कायमचे जातात ही गावात ऐकू येणारी भीती निराधार आहे; थकवा व कोरडेपणा मात्र खरा. दर २० मिनिटांनी सर्वांस उठवून व्हरांड्यातून २० फुटांपलीकडचे झाड किंवा धानाची बांधी २० सेकंद पाहावयास लावावी. मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टी कमी आढळते, यास्तव खेळाचा तास कापून संगणकास देणे सर्वथा अनिष्ट होय.

वीज

दिनांक ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बालके मृत्युमुखी पडली. विजेची उपकरणे आणि लहान मुले जेथे एकत्र असतात तेथे दक्षतेचा अर्थ काय, हे या जिल्ह्यास कोणी नव्याने सांगावयास नको.

मॉनिटरचा प्लग तीन पिनांचा असतो. त्यातील लांब व जाड पिन भूसंपर्काची, म्हणजे अर्थिंगची असते. सॉकेट दोन छिद्रांचा आहे म्हणून ती मोडणे, अथवा प्लग काढून टाकून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठोसणे, हे प्रकार शाळेत एक दिवसही चालू देऊ नयेत. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा गुण जातो; त्यात अधूनमधून पाणी ओतावे. शाळेच्या मेनबोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेण्याची शिफारस शाळा व्यवस्थापन समितीपुढे जरूर ठेवावी. तारेतून वीज शरीरात वाहू लागताच तो पुरवठा तोडतो. साधा फ्यूज इतक्या अल्प गळतीस दाद देत नाही.

यूपीएस असलेल्या शाळांत एक गोष्ट विसरली जाते. मेन स्विच बंद केला तरी यूपीएसमधील बॅटरी मॉनिटरास वीज पुरवीतच असते. म्हणून अपघातप्रसंगी मेन स्विच व यूपीएस ही दोन्ही बंद करावयाची असतात. कोणास धक्का बसून तो चिकटला असेल तर त्यास हात न लावता आधी वीज तोडावी. ते अशक्य असल्यास कोरड्या लाकडाने त्यास तारेपासून अलग करावे आणि १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. मॉनिटरमधून धूर आल्यास पाणी टाकू नये. वीज तोडून कोरडी वाळू वापरावी, आणि त्याआधी मुले बाहेर काढावीत.

मृगापूर्वीच्या वादळांत आणि पुन्हा परतीच्या पावसात या भागात विजा पडतात. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन आसपासच्या विजेची पूर्वसूचना देते. आभाळ भरून येऊ लागताच संगणक बंद करून प्लग सॉकेटातून बाहेर काढावा. इंटरनेटची तारही सोडवावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. मात्र चमक आणि गडगडाट यांतील अंतर ३० सेकंदांहून कमी झाले असेल, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली असेल, तर प्लग काढावयासही जाऊ नये. जळाला तर मॉनिटर जळू द्यावा.

जुने मॉनिटर

काही शाळांच्या अडगळीत जड, पोटाळे काचेचे मॉनिटर अद्याप पडून आहेत. १८९७ साली ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने बनविलेल्या किरणनलिकेचे ते वंशज. त्यांत सुमारे २५,००० व्होल्टपर्यंत दाब निर्माण होतो आणि बंद केल्यावरही काही काळ भार साठून राहतो. विज्ञानाचा नमुना म्हणून त्यांची पाठ कोणीही उघडू नये. नळीच्या काचेत शिसे असते व आत निर्वात पोकळी असते; फुटली तर काचा उडतात. जडवस्तुसंग्रह नोंदवहीतून रीतसर निर्लेखन करवून ते ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनासच द्यावेत. २०२२ च्या नियमांप्रमाणे साध्या भंगारात त्यांस जागा नाही.

स्वच्छता व सुटी

मॉनिटर फळ्याजवळ ठेवू नये, खडूची धूळ त्याच्या झरोक्यांत जाते. पुसावयाचा तर बंद करून, धुतलेल्या मऊ सुती फडक्याने, हलक्या हाताने पुसावा. डस्टरने तर नव्हेच. पाणी फवारू नये, फिनेल व रॉकेल लावू नये. दसऱ्यास पाटीपूजनाबरोबर संगणकाचीही पूजा होते. हळद-कुंकू मेजावर वाहावे, पडद्यावर किंवा झरोक्यांवर नको, आणि उदबत्ती अंतरावर लावावी.

मॉनिटरच्या पुस्तिकेत वापरावयाचे कमाल तापमान बहुधा ४० अंश सेल्सिअस दिलेले असते. मे महिन्यात येथील पारा त्याच्या पुष्कळ वर जातो आणि टिनपत्र्याखाली तर विचारावयास नको. त्या दिवसांत दुपारी संगणक लावूच नये. सुटीत सर्व तारा काढून मॉनिटर भिंतीपासून व गळक्या छपरापासून दूर, सुती कापडाने झाकून ठेवावा. प्लास्टिकच्या आवरणात दमटपणा कोंडतो.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मुले येण्यापूर्वी एक दिवस शिक्षकाने प्रथम तारा तपासाव्यात, कारण सुटीत उंदरांनी आवरण कुरतडले असण्याचा संभव असतो. पाऊस सुरू होऊन खोली दमट झाली असेल तर दारे-खिडक्या उघडून काही तास वारा खेळू द्यावा आणि मगच मॉनिटर लावावा. करपट वास आला तर लगेच बंद करून वायरमनास बोलवावे. सर्व ठीक असल्यास मुलांस पुन्हा भिंतीशी बसवून खडूची रेघ नव्याने मारावी. या वयात मुले वर्षाकाठी पाच-सहा सेंटिमीटर वाढतात.